दुःख सांगावे कुणाला? : दूरस्थ समुपदेशनाचा एक अल्प अभ्यास

'सुख सांगावे जनात, दुःख सांगावे मनात' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या म्हणीत व्यवहाराचे शहाणपण आहे, यात शंका नाही. परंतु मनात ठेवलेले दुःख पुढे काय करते, याविषयी ती काहीच सांगत नाही. गेली तीन वर्षे मी आपल्या महाविद्यालयात मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. वर्गात मी सर्वांत वयस्कर. वर्गमैत्रिणी मला 'काकू' म्हणतात. या वयात हा विषय का घेतला, असे पुष्कळजणी विचारतात. त्याचे उत्तर आणि या विषयाचा थोडा अभ्यास, असे दोन्ही प्रस्तुत लेखात मांडण्याचा विचार आहे.

आमची पिठाची गिरणी आहे. सन २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे यजमान गेले. त्यांचा देह घरी आणता आला नाही. दहाव्याला घाटावर चार माणसे होती. समाचाराला कुणी आले नाही. येणे शक्यच नव्हते. आपल्याकडे माणूस गेले की तेरा दिवस घर भरलेले असते. येणारा प्रत्येकजण 'कसे झाले?' म्हणून विचारतो आणि घरची बाई तीच हकीगत पुनःपुन्हा सांगते. पूर्वी मला ही रीत निर्दय वाटे. आज अभ्यासानंतर वाटते, की त्या पुनःपुन्हा सांगण्यातच अर्धे औषध होते. मला मात्र ती हकीगत कुणालाच सांगता आली नाही. पंधराव्या दिवशी गिरणी उघडली. दळणाचे डबे येऊ लागले आणि 'आता गिरणी कोण चालवणार?' हा प्रश्नही येऊ लागला.

ताण म्हणजे काय?

'ताण' या संकल्पनेला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली ती हान्स सेल्ये यांनी. त्यांचे पहिले टिपण १९३६ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोन अमेरिकन संशोधकांनी आयुष्यातील ४३ घटनांची एक श्रेणी तयार केली. प्रत्येक घटनेनंतर माणसाला स्वतःला किती बदलून घ्यावे लागते, यावर तिचे गुण ठरवले. जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक, म्हणजे १०० गुण आहेत. घटस्फोटाला ७३, विवाहाला ५० आणि निवृत्तीला ४५. विवाहासारखी आनंदाची घटनाही या यादीत आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सुख असो वा दुःख, जुनी घडी मोडून नवी बसवावी लागली की ताण येतोच. अर्थात ही श्रेणी अमेरिकेतील लोकांना विचारून केलेली आहे. नवरा गेल्यावर कुंकवाचे काय, हळदीकुंकवाला जावे की नाही, असल्या प्रश्नांना तिच्यात गुण नाहीत. ते आपले आपणच मोजायचे.

शोकाची वाट सरळ नसते

शोकाच्या पाच पायऱ्या असतात, असे आपण सर्रास ऐकतो. ही कल्पना एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या ग्रंथातून आली. परंतु तो ग्रंथ मुख्यतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यावर आधारलेला होता, मागे राहिलेल्यांवर नव्हे. त्या पायऱ्यांचा जिना करून प्रत्येकाने तो क्रमाने चढावा, अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे.

मला पटला तो स्ट्रोब आणि शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार. त्यांच्या मते शोकाकुल माणूस दोन कामांमध्ये येरझारा घालत असतो. एक काम गमावलेल्या माणसाकडे पाहण्याचे : आठवणी, रडणे, हळहळ. दुसरे काम उरलेल्या आयुष्याकडे पाहण्याचे : पैसा, घर, नवी कामे, नवी ओळख. या येरझारा म्हणजे दुबळेपणा नव्हे किंवा निष्ठुरपणाही नव्हे. निरोगी शोकाची चालच तशी असते. मी सकाळी गिरणीत गिऱ्हाइकांशी हसून बोलत असे आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडत असे. यांतले खरे कोणते, अशी मला लाज वाटे. दोन्ही खरे आहेत, हे मला फार उशिरा कळले.

दुरून आधार देण्याची परंपरा

मोबाईलच्या पडद्यावर कुणी मनाला उभारी देऊ शकेल काय, अशी शंका साहजिक आहे. मलाही होती. परंतु दुरून आधार ही काही आजची गोष्ट नाही. फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलाच्या भीतीवरील उपचारांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांतले बहुतेक काम मुलाच्या वडिलांशी झालेल्या पत्रव्यवहारातून आणि चर्चेतून झाले होते. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनमधील चॅड वरा या धर्मोपदेशकाने, जगणे असह्य झालेल्यांसाठी चर्चमध्ये एक दूरध्वनी सुरू केला. भेटीसाठी ताटकळणाऱ्यांना चहा देण्याकरिता काही सामान्य स्वयंसेवक तेथे येत. वरा यांच्या ध्यानात आले, की त्या स्वयंसेवकांशी बोलूनच पुष्कळजणांचे मन हलके होते आणि ते त्यांना न भेटताच परततात. या निरीक्षणातून 'समॅरिटन्स' ही संस्था वाढली.

आपल्याकडेही जात्यावर बसलेली बाई माहेरचे, सासरचे, मेलेल्या लेकराचे दुःख ओवीतून जात्याला सांगतच होती. अशा लाखाहून अधिक ओव्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जमवल्या आहेत. जाते उलट बोलत नाही, गावात चुगली करत नाही आणि 'तुझ्यापेक्षा अमकीचे पाहा' असेही म्हणत नाही. म्हणजे दुःख अगदी मनात नाही आणि जनातही नाही, अशी एक तिसरी जागा आपल्या बायकांना ठाऊक होती.

माझा अनुभव

सन २०२१ च्या पावसाळ्यात माझ्या मुलीने पुण्याहून माझ्यासाठी ऑनलाइन समुपदेशन ठरवले. पहिला अनुभव वाईट आला. दहा मिनिटांतच समोरच्या व्यक्तीने 'पॉझिटिव्ह राहा, किती घरांत दोन-दोन माणसे गेली' असे सांगितले. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि महिनाभर कुणाशीच बोलले नाही. वाईट समुपदेशन निरुपयोगी असते एवढेच नव्हे, तर ते माणसाचे तोंड मिटवते.

मुलीने दुसऱ्या बाई शोधल्या. त्या रीतसर शिकलेल्या होत्या. त्यांनी पहिल्या भेटीत उपदेश केला नाही, चौकशी केली. मी कुठे बसले आहे, घरात कोण आहे, बोलणे कुणाला ऐकू जाते का. फोन तुटला तर कोणी कुणाला लावायचा. आणि जिवाला धोका आहे असे वाटले तर जवळच्या कोणत्या माणसाला कळवायचे. ही शेवटची बाब सोडून बाकी सारे गुप्त राहील, हेही त्यांनी सांगितले. मग विचारले, "तुम्हांला मी काय म्हणू?" मी म्हटले, "ताई म्हणा."

दोन खोल्यांच्या घरात सासूबाई आणि धाकटा मुलगा. एकांत मिळणार कुठे? अखेर गुरुवार ठरला. त्या दिवशी गिरणीला सुट्टी असते. शटर आतून ओढून घेऊन, पिठाच्या पोत्यावर मोबाईल टेकवून, मी दर गुरुवारी पाऊण तास बोलत असे. रेंज वारंवार जाई. अशा बारा भेटी झाल्या.

गिरणी विकू की चालवू, हे मी त्यांना तीनदा विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. त्या म्हणाल्या, "ताई, गिरणी सुरू झाली की तुम्हांला काय ऐकू येतं?" मी गप्प झाले. पट्टा फिरू लागला की मला यजमानांची हाक ऐकू येई, 'अगं, डबा घे.' ते मी कुणालाच सांगितले नव्हते. वेड लागले म्हणतील अशी भीती होती. त्या दिवशी मी एप्रिलपासूनची सारी हकीगत पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत सांगितली. त्यांनी मध्ये अडवले नाही. शेवटी एवढेच म्हणाल्या, की गेलेल्या माणसाची हाक ऐकू येणे शोकात पुष्कळांना अनुभवास येते. ते वेड नव्हे. गिरणी मी विकली नाही. तो निर्णय माझा होता आणि माझाच राहू दिला, हे त्यांचे उपकार.

उपचार कशामुळे होतो?

कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये उपचारकाकडून अपेक्षित असलेल्या ज्या अटी मांडल्या, त्यांत तीन प्रमुख आहेत : स्वतः खरे असणे, समोरच्याचा विनाअट स्वीकार, आणि त्याच्या जागी उभे राहून त्याचे जग समजून घेणे, म्हणजेच समानुभूती. यांतल्या एकाही अटीला समोरासमोरची खुर्ची लागत नाही. नैराश्य व चिंता यांवर व्हिडिओद्वारे केलेले उपचार प्रत्यक्ष भेटीइतकेच उपयोगी पडू शकतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. माझ्या बाबतीत तर अंतर हाच गुण ठरला. ज्या बाई मला बाजारात कधी भेटणार नव्हत्या, त्यांच्यापाशीच मला रडता आले.

तथापि मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. आत्महत्येचे विचार प्रबळ असतील, वास्तवाचे भान सुटले असेल, व्यसन फार वाढले असेल, तर प्रत्यक्ष मनोविकारतज्ज्ञाकडेच गेले पाहिजे. घरात मारहाण होत असेल आणि बोलणे चोरून ऐकले जात असेल, तर पडद्यावरचे बोलणे धोक्याचे ठरू शकते. 'समुपदेशक' ही पाटी कुणीही लावतो. म्हणून शिक्षण आणि अनुभव यांची विचारपूस निःसंकोच करावी. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला आहे.

अलीकडे काहीजण यंत्राशीच गप्पा मारून मन मोकळे करतात. १९६६ मध्ये वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा असाच एक संगणकीय कार्यक्रम केला होता. त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना खुद्द त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले, असे ते लिहितात. बोलण्याची भूक किती मोठी आहे, हे यावरून दिसते. जात्याशी बोलून आमच्या आज्यांना हलके वाटे, तसे यंत्राशी बोलूनही वाटत असेल. परंतु पुढच्या गुरुवारी आपण फोन उचलला नाही, तर जाते काळजी करत नाही.

शेवटी

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एखादे माणूस दुःख मनात ठेवून वावरत असेल : निवृत्त झालेले वडील, मुलगी सासरी गेलेली आई, नोकरी सुटलेला भाऊ. आपण त्यांचे उपचारक होऊ शकत नाही आणि होऊही नये. परंतु चहाचा कप हाती देऊन, मध्ये न बोलता, पंधरा मिनिटे ऐकणे आपल्याला जमेल. त्यापुढची मदत लागली, तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेली 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. तो क्रमांक घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

म्हण खोटी आहे असे मी म्हणत नाही. दुःख चव्हाट्यावर मांडू नये, हे खरेच. परंतु ते सांगण्याजोगे एक तरी माणूस प्रत्येकाला मिळावे. ते घरात नसेल तर दूरचे चालेल. एवढे जरी वाचकांना पटले, तरी या वयात पुस्तके हाती धरल्याचे सार्थक झाले, असे मी समजेन.