सुटलेला धागा

आमच्या यवतमाळ जिल्ह्याची काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे. येथील कापूस एके काळी अरुंद रुळांच्या शकुंतला रेल्वेने मूर्तिजापुरास जाई, तेथून मुंबईस आणि पुढे आगबोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांत. गिरण्यांनी कापड स्वस्त केले खरे; पण विणणाराच्या हाताची खूण त्यावर राहिली नाही.

ती खूण पाहावयाची असेल, तर मुलांनो, नागपूर-भंडाऱ्याकडील एखाद्या कोष्ट्याच्या मागापाशी घटकाभर बसा. मागावर ताणलेले उभे धागे म्हणजे ताणा व त्यांतून आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. पायांखालच्या पावड्या दाबल्या की ताण्याचे धागे वरखाली होतात, मध्ये फट पडते आणि तीतून धोटा सर्रकन निसटतो. मग फणीचा ठोका बसतो. करवतकाठी साडीला तर तीन धोटे लागतात. दोन काठांचे दोन आणि टसरी अंगाचा तिसरा. काठाचे व अंगाचे धागे एकमेकांत अडकत जातात आणि करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. एवढ्या कामात एक धागा जरी सुटला, तरी साडीचे मोल उतरते.

जपानमधील ओसाका येथे मिसाओ जो नावाच्या एक बाई होत्या. त्यांचा जन्म 1913 सालचा. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी विणकाम हाती घेतले. किमोनोवर कमरेस बांधावयाचा पट्टा विणीत असता ताण्यातील एक धागा सुटला आणि कापडावर बारीकशी उभी रेघ उठली. जाणत्याने ते कापड सदोष ठरविले. मिसाओबाईंना मात्र ती रेघच आवडली! पुढे त्या मुद्दाम कोठे कोठे धागे सोडून विणू लागल्या. 1968 च्या सुमारास सुरू झालेल्या या विणकामास ‘साओरी’ हे नाव पडले. ‘ओरी’ म्हणजे विणणे आणि ‘सा’ म्हणजे प्रत्येक वस्तूचे वेगळेपण. येथे नमुना समोर ठेवावयाचा नसतो. सुताशेजारी लोकर येते, लोकरीशेजारी चिंधीही चालते. यंत्र आणि माणूस यांत फरक कोणता, याचा विचार करा, असे बाई शिकणारांना सांगत. त्यामुळेच लहान मुले, वृद्ध आणि अपंग माणसेही या मागावर निर्धास्तपणे बसू लागली. मिसाओबाई 2018 साली, 104 वर्षांच्या होऊन वारल्या.

यावरून कोष्ट्याचे कसब कमी प्रतीचे, असे मात्र कोणी समजू नये. तीन धोट्यांचा मेळ साधण्यास वर्षे लागतात, आणि साडीवर त्याच्या घरची चूल पेटते. धागा सोडण्याची चैन त्याला परवडणारी नाही.

तुम्हांला ती परवडेल. जाड पुठ्ठ्याच्या समोरासमोरच्या दोन कडांना सारख्या अंतरावर खाचा पाडा व त्यांतून सूत ताणून घ्या. एक धागा वर, एक धागा खाली, असा बाणा ओवा. रंग कोणता घ्यावा, हे शेजाऱ्यास विचारू नका. मध्येच एखादा धागा सुटला, तर लगेच उसवू नका. चार बोटे पुढे विणा आणि मग कापड उजेडात धरून पाहा.