घर ही पहिली मंडळी

वाचनासाठी शास्त्रभाग: मार्क 5:18-20, 2 तीमथ्य 1:5, 1 पेत्र 3:1-2, मत्तय 13:33



प्रभूने ज्या भूतग्रस्ताला बरे केले, त्याची फार इच्छा होती की आपण प्रभूबरोबर नावेत बसून जावे. प्रभूने ती विनंती मान्य केली नाही. त्याला त्याच्या घरी, त्याच्याच माणसांकडे परत पाठविले. हा निरोप त्या मनुष्याला जड वाटला असेल. परगावी जाऊन उपदेश करणे त्या मानाने सोपे, कारण तेथे आपला पूर्वीचा राग, आपली भांडणे कोणाला ठाऊक नसतात. घरच्यांना सर्व ठाऊक असते. म्हणूनच विश्वासाची खरी परीक्षा घरात होते, आणि विश्वासाचे पहिले धडेही घरातच मिळतात. आज यापैकी तीन धड्यांचा विचार करू.

पहिला धडा: राब

आमच्या नेरळच्या आसपास उल्हास नदीच्या दोन्ही अंगांस भाताची शेते आहेत. शेतकरी भात एकदम सर्व शेतात पेरीत नाही. पावसाळ्यापूर्वी तो एका लहान तुकड्यावर शेण, पालापाचोळा व कवळे पसरून राब भाजतो. पाऊस पडताच त्या जागी बी पेरतो. तेथे रोपे दाट, एकमेकांस खेटून वाढतात. तीन-चार आठवड्यांनी ती उपटून, मुठी बांधून, चिखलणी केलेल्या मोठ्या खाचरात लावतात. राबात रोप किडले किंवा पिवळे पडले, तर पुढे शेत कितीही चांगले असले तरी पीक धड येत नाही.

आपले घर हाच राब होय. आपली मुले फार दिवस आपल्याजवळ राहणार नाहीत. शिक्षणासाठी, नोकरीसाठी ती पहाटेच्या लोकलने कल्याण-मुंबईकडे जातील; मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी जातील. आपल्या हाती आहे तो एवढाच लहान तुकडा व थोडेच आठवडे. तीमथ्याविषयी पौल लिहितो की त्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस हिच्यात व आई युनीके हिच्यात होता. त्याचा बाप हेल्लेणी होता, हे प्रेषितांची कृत्ये 16:1 यात सांगितले आहे. म्हणजे त्या घरात सर्व एका मताचे होते असे दिसत नाही. तरी दोन स्त्रियांनी राब भाजला, आणि रोप जोमदार निघाले. ज्या भगिनी म्हणतात, “आमच्या घरी मी एकटीच प्रार्थना करते, तिचा काय उपयोग?” त्यांनी हे वचन पुनःपुन्हा वाचावे.

दुसरा धडा: वेगळा हंडा

येथे मला आपली एक चूक सांगणे भाग आहे. मी प्रभूचा झालो तेव्हा माझी आई आमच्याच घरी राहत होती. तिने आपली पूजा सोडली नाही, आणि माझ्या बाप्तिस्म्यानंतर आपला पाण्याचा हंडा वेगळा मांडला. मला हा अपमान वाटला. एके रविवारी उपासनेत साक्ष देताना मी त्या हंड्याची थट्टा केली. लोक हसले. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत आईच्या कानी गेली. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने आपली चूलही पडवीत वेगळी मांडली. मी साक्ष दिली, आणि माझ्या घरात एकाच्या दोन चुली झाल्या.

पुढे लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ माझ्या वाचनात आले, आणि माझी मान खाली गेली. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाईंच्या दुःखाला पार राहिला नाही. लहान दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयास पंढरपुरास राहिल्या. पतिपत्नींची अनेक वर्षे ताटातूट झाली. नंतर त्या पतीकडे परत आल्या, तरी आपले सोवळे, आपले पाणी व आपला स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला. टिळक मोठे कवी व वक्ते होते. वाद घालून कोणालाही निरुत्तर करण्याची शक्ती त्यांच्यात होती. परंतु पत्नीच्या हंड्यावर त्यांनी बळजबरी केली नाही. ती जशी होती तशी तिला त्यांनी घरात राहू दिले.

मग राहुरीस असताना लक्ष्मीबाई एकदा आपल्याशीच विचार करू लागल्या, की हा जातिभेद देवाने केला की माणसांनी? तो माणसांचाच आहे असे त्यांच्या मनाने ठरविले, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या सिद्ध झाल्या. ज्यांच्या वडिलांच्या घरी सोवळ्यापायी बाजारातून आलेले मीठदेखील धुतले जाई, त्यांनी हा निश्चय केला, हे ध्यानात घ्यावे. इ. स. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1919 साली टिळक प्रभूकडे गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि त्याचा शेवट पुत्र देवदत्त यांनी केला. जे घर एके काळी दुभंगले होते, त्याच घराने मिळून हे काम तडीस नेले.

स्त्रीने तीन मापे पिठात खमीर लपवून ठेवले, असा दाखला प्रभूने दिला. लपवून ठेवले, हा शब्द महत्त्वाचा आहे. पीठ फुगते आहे की नाही हे पाहण्यासाठी जी घडोघडी झाकण उघडते, तिचे पीठ नीट येत नाही. मी रोज झाकण उघडीत होतो.

पुस्तक मिटून मी आईजवळ गेलो व तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “हंड्याचं काही नाही रे. चार लोकांत हसलास, ते लागलं.” त्यानंतर मी तिला उपदेश केला नाही. उन्हाळ्यात विहीर आटली म्हणजे माझी पत्नी दुरून पाणी आणी, आणि आधी आईचा वेगळा हंडा भरून मग आमचा भरी. दोन वर्षांनी आई तापाने अंथरुणास खिळली. एके रात्री तिने सुनेस हाक मारून पाणी मागितले. पत्नी तिच्या हंड्याकडे वळली, तेव्हा आई म्हणाली, “अगं, जवळ आहे तेच दे.” जवळ आमचा हंडा होता.

आईने बाप्तिस्मा घेतला नाही. ती प्रभूच्या हाती आहे, आणि तिचा न्याय करणे माझ्याकडे नाही. परंतु वचनावाचून, केवळ वर्तनाने माणसे मिळविली जातात असे जे पेत्र लिहितो, त्याचा अर्थ मला त्या रात्री समजला. तो समजाविणारी माझी पत्नी होती. मी केवळ पाहत होतो.

तिसरा धडा: वळणाची वाट

नेरळाहून माथेरानास जाणारी लहान गाडी आपण पाहिली असेल. सर आदमजी पीरभाई यांच्या पैशाने त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग बांधविला. 1904 साली काम सुरू झाले व 1907 साली गाडी चालू झाली. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट. पायवाटेने माथेरान पुष्कळ जवळ पडते. पण रूळ सुमारे 20 किलोमीटर वळसे घेत जातात, कारण वीस फूट चालीस एक फूट, याहून अधिक चढ या गाडीला सोसत नाही. डब्यात बसलेल्या मुलास कित्येकदा वाटते की आपण उलट चाललो. खाली तेच नेरळ पुन्हा दिसते. परंतु प्रत्येक वळणास ते थोडे अधिक खाली गेलेले असते.

घरातील माणसांचेही असेच आहे. रागीट नवरा, रुसलेली सासू, हट्टी मुलगा, तोच तंटा पुन्हा दिसतो, आणि आपण म्हणतो की प्रार्थनेने काही झाले नाही. मागील वर्षी हा तंटा किती दिवस चालला होता, आणि यंदा किती दिवस चालला, हे पाहावे. जोराने सरळ चढविल्यास चाके निसटतील. वळसा लांबचा असला तरी वाट चुकलेली नसते.

या आठवड्यात करावयाची गोष्ट

उपदेशकांनी व पंचांनी रविवारी साक्ष देण्यापूर्वी आपणास एक प्रश्न विचारावा: हे शब्द माझ्या घरातील माणूस दाराआडून ऐकत असता, तर मी ते असेच बोललो असतो काय? तसेच घरात ज्या माणसाचा हंडा, चूल किंवा मन वेगळे झाले आहे, त्याच्यासाठी या आठवड्यात एक काम न बोलता करावे. ते कोणास सांगू नये, मंडळीतही नाही.

कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी विचारावयाचे प्रश्न

1. बऱ्या झालेल्या मनुष्यास प्रभूने आपणाबरोबर का नेले नाही?
2. तीमथ्याच्या घरी विश्वास कोणापासून आला? आपल्या घरी तो कोणापासून आला?
3. आपल्या बोलण्याने घरातील कोणाचे मन दुखावले आहे काय? त्याची क्षमा केव्हा मागणार?
4. आपण कोणत्या पिठावरील झाकण वारंवार उघडतो?

प्रार्थनेचा विषय: ज्या घरांत एकच माणूस प्रभूचा आहे, त्या माणसास धीर, गोड जीभ व सेवेचे हात मिळावेत.