केलेली सही आणि नाकारलेली सही : टस्केगीच्या वैमानिकांचे फोटो



सह्या गोळा करायचा छंद मुलांना नवा नाही. क्रिकेटपटूची सही, नटाची सही, नाहीतर निरोप समारंभाच्या दिवशी वहीत घेतलेल्या बाईंच्या आणि सरांच्या सह्या. आज मात्र थोड्या वेगळ्या सह्यांबद्दल सांगायचं आहे. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन वैमानिकांचे, म्हणजे 'टस्केगी एअरमेन' यांचे सही केलेले फोटो अमेरिकेतले संग्राहक अनेक वर्षं जपत आले आहेत. इतिहासात 'पुरावा' म्हणजे काय, हे मुलांना शिकवायला असा फोटो फार उपयोगी पडतो.

हे वैमानिक कोण होते?

त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या असत. युजीन बुलार्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन १९१७ मध्ये फ्रान्सच्या बाजूनं लढाऊ विमान उडवत होता, पण स्वतःच्या देशाच्या सैन्यानं त्याला वैमानिक म्हणून घेतलं नाही. १९२५ साली तर तिथल्या लष्करी महाविद्यालयाच्या एका अहवालानं कृष्णवर्णीय माणूस बुद्धीनं आणि धैर्यानं कमी असतो, असं चक्क लिहून ठेवलं.

शेवटी १९४१ मध्ये अलाबामा राज्यातल्या टस्केगी इथं प्रशिक्षण सुरू झालं. पहिल्या तुकडीत १३ जण होते. ७ मार्च १९४२ रोजी त्यातले फक्त ५ वैमानिक होऊन बाहेर पडले. त्यांच्यात बेंजामिन डेव्हिस होते. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत असताना कामाशिवाय चार वर्षं त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं, त्यांच्या खोलीत कोणी राहिलं नव्हतं. तरी ते १९३६ साली पदवी घेऊनच बाहेर पडले. पुढे ३३२व्या फायटर ग्रुपचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. विमानांच्या लाल शेपटीमुळे या ग्रुपला 'रेड टेल्स' म्हणत. १९४६ पर्यंत टस्केगीत सुमारे एक हजार वैमानिक तयार झाले.

एका कागदावर दोन काळ

हे वैमानिक म्हातारपणी विमानांच्या प्रदर्शनांना, संग्रहालयांत, शाळांत जात, अनुभव सांगत आणि फोटोवर सही देत. काही संग्राहक फोटो आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट पोस्टानं पाठवून सही मागवत. त्यामुळे अशा पुष्कळ फोटोंत चेहरा असतो पंचविशीतल्या तरुणाचा आणि अक्षर असतं ऐंशीच्या पुढच्या आजोबांचं. मुलांना आधी हेच दाखवा. फोटो कधी काढला आणि सही कधी केली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं.

आता या पिढीतले फार थोडे उरले आहेत. दुसरं महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम अशा तीन युद्धांत मिळून ४०९ मोहिमा केलेले चार्ल्स मॅगी जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी गेले. नव्या सह्या मिळणं कमी होत जातं तशी जुन्यांची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की खोट्या सह्याही बाजारात येतात.

सही खरी कशावरून?

जाणकार संग्राहक विचारतात ते प्रश्न आपल्याला वर्गात जसेच्या तसे वापरता येतात.

१. शाई कोणती? आज वापरतो तसे मार्कर पेन १९६० च्या दशकात सर्रास मिळू लागले. मग 'ही सही १९४३ ची आहे' असं सांगून कोणी मार्करनं केलेली सही दाखवली तर? सही खरी असूही शकेल, पण ती १९४३ ची नाही.

२. हातानं केली की छापली? फोटो उजेडात तिरका धरून पाहिला तर हातानं लावलेली शाई बहुधा पृष्ठभागावर वेगळी चमकते. भिंगातून पाहिलं तर छापील सहीत अनेकदा छपाईचे ठिपके दिसतात.

३. तो माणूस तेव्हा हयात होता का? जेसी ब्राऊन हे अमेरिकेच्या नौदलाचं प्रशिक्षण पूर्ण करणारे पहिले कृष्णवर्णीय वैमानिक. डिसेंबर १९५० मध्ये कोरियात, अवघ्या २४व्या वर्षी ते मारले गेले. त्यांच्या फोटोवर मार्करची सही दिसली तर काय म्हणायचं? उत्तर मुलांनाच शोधू द्या.

४. फोटो कुणाकडून कुणाकडे आला? सोबतचं पत्र, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का, सही घेतानाचा फोटो, यातलं काहीतरी हवं. नुसतं 'खरी आहे हो' पुरत नाही.

आणखी एक गोष्ट. सही खरी असली म्हणजे फोटोखालची ओळही खरी, असं नसतं. 'रेड टेल्सनी सोबत केलेलं एकही बॉम्बर विमान शत्रूला पाडता आलं नाही' हे वाक्य वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. हवाई दलाचे इतिहासकार डॅनियल हॉलमन यांनी त्या काळचे अहवाल तपासले, तेव्हा सुमारे २७ बॉम्बर गमावल्याचं दिसलं. तिथल्या इतर ग्रुपांच्या सरासरीपेक्षा हा आकडा बराच कमी होता. म्हणजे कामगिरी मोठीच होती, तिला दंतकथेची गरज नव्हती.

न केलेली सही

आता या पाठाचा खरा गाभा. एप्रिल १९४५, इंडियाना राज्यातला फ्रीमन फील्ड हा लष्करी तळ. टस्केगीच्या परंपरेतलेच वैमानिक, नॅव्हिगेटर आणि बॉम्बार्डियर तिथं होते. अधिकाऱ्यांसाठी दोन क्लब होते. एक 'प्रशिक्षकांचा', दुसरा 'प्रशिक्षणार्थींचा'. नावं अशी असली तरी एक गोऱ्यांचा आणि दुसरा कृष्णवर्णीयांचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कृष्णवर्णीय अधिकारी शांतपणे गोऱ्यांच्या क्लबात शिरले आणि त्यांना अटक झाली. महाडचं चवदार तळं शिकवून झालेल्या वर्गाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मग वरिष्ठांनी या वेगळेपणाचा नियम कागदावर आणला आणि 'मी हा नियम वाचला, मला तो समजला' असं लिहून खाली सही करायला सांगितलं. युद्धकाळात हुकूम मोडला तर मृत्युदंडही होऊ शकतो, याची जाणीव त्यांना दिली गेली. तरी १०१ अधिकाऱ्यांनी सही केली नाही. त्यांना अटक झाली, पुढे बहुतेकांना ठपका ठेवून सोडलं. रॉजर टेरी यांना मात्र दंडाची शिक्षा झाली. ती शिक्षा रद्द व्हायला आणि इतरांच्या नोंदींतला ठपका निघू लागायला १९९५ साल उजाडलं. सैन्यातला भेदभाव संपवण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा आदेश १९४८ मध्येच निघाला होता.

सही म्हणजे 'हे मला मान्य आहे, हे माझं आहे' असं सांगणं. टस्केगीच्या परंपरेतल्या त्या १०१ जणांना हे नीट कळलं होतं. म्हणून यांच्यापैकी कुणाची सही फोटोवर पाहताना, मागितली तेव्हा सही न देणारी माणसंही यांच्यातच होती, हे मुलांना आठवलं पाहिजे.

वर्गात आणि घरी

महागडा फोटो विकत घ्यायची मुळीच गरज नाही. टोनी फ्रिसेल या छायाचित्रकार बाईंनी मार्च १९४५ मध्ये इटलीतल्या रामितेल्ली तळावर या वैमानिकांचे सुंदर फोटो काढले. ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. एक फोटो मोठा करून लावा आणि गटागटानं तीन प्रश्न लिहायला सांगा : यात काय दिसतं, काय दिसत नाही, आणि हे आपल्याला कशावरून कळलं?

पालकांसाठी एक सूचना. घरात आजोबांचा सही केलेला जुना फोटो असेल तर तो लॅमिनेट करू नका. उन्हात टांगू नका, मागे सेलोटेप लावू नका. आम्लरहित कागदात ठेवा. आणि फोटोतला माणूस कोण, सही कधी आणि कुठे केली, हे वेगळ्या कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवा. हे सांगणारं माणूस घरात आहे तोवरच हे काम होतं. या रविवारी मुलांना सोबत घेऊन बसा आणि एवढं करून टाका.