लेकाच्या लग्नाआधी लिहायचं पत्र

तुळशीची लग्नं लागली की लग्नघरांची धांदल सुरू होते. हॉलचं बुकिंग, केटररशी बोलणी, आहेराच्या साड्या, केळवणांची आमंत्रणं, गुरुजींनी दिलेली सामानाची यादी. आमच्याकडे सध्या हेच चाललंय. लेकाचं लग्न आहे. तो माझ्या पोटचा नाही. मी या घरात आले तेव्हा तो तिसरीत होता, आणि त्याच्या आईला जाऊन दोनेक वर्षं झाली होती. मला तो माई म्हणतो. आई म्हणजे ती.

दिवसाची कामं आटोपली की रात्री मी त्याला पत्र लिहायला बसते. या निमित्तानं माझ्यासारख्याच दोघी-तिघींशी बोलणं झालं, एका सावत्र वडिलांशीही झालं. सगळ्यांची अडचण एकच. मन भरून आलेलं असतं आणि पहिली ओळ काही सुचत नाही. तुमच्याही घरी कदाचित हेच चालू असेल, म्हणून म्हटलं जरा बोलावं.

पोटच्या मुलाला लिहिणाऱ्या आईला सुरुवात शोधावी लागत नाही. तू झालास त्या रात्री धो धो पाऊस होता, तुझा पहिला दात, तुझं पहिलं पाऊल. आपल्यापाशी यातलं काही नसतं. मग ती कसर आपण मोठ्या शब्दांनी भरून काढतो. 'तुला कधी आईची उणीव भासू दिली नाही.' 'तू मला पोटच्या मुलाहून जास्त आहेस.' अगदी मनापासून लिहितो आपण हे, त्यात खोटं काही नसतं.

पण हे तो कसा वाचेल? उणीव भासली की नाही हे त्याचं त्यालाच माहीत. शाळेच्या गॅदरिंगला भासली असेल, आजारपणात भासली असेल, आता मुंडावळ्या बांधताना तर भासणारच. आणि आपणच लिहून ठेवलंय की भासू दिली नाही. म्हणजे आईची आठवण आली की त्याला आपल्याशी बेइमानी केल्यासारखं वाटायचं. या मुलांना हे ओझं फार लहानपणी कळतं. आपण खोलीत शिरलो की हातातला आईचा फोटो पटकन पुस्तकात सरकवणारी मुलं तुम्हीही पाहिली असतील. कुणी सांगितलेलं नसतं त्यांना, तरी ती आपल्याला सांभाळून घेत असतात.

लग्नाच्या दिवशी हे सगळं दाटून येतं. मांडवात दहा जणी म्हणणार, 'आज हिच्या जागी त्याची आई हवी होती.' प्रेमानंच म्हणणार. ते आपल्याही कानावर पडणार, त्याच्याही. आणि तो बोहल्यावरून पहिल्यांदा आपल्याच तोंडाकडे बघणार, हिला लागलं का म्हणून. आपल्या पत्रानं त्याला त्या क्षणी मोकळं करावं, मला एवढंच हवंय.

मोकळं कसं करायचं? मला जे सापडलं ते सांगते. आपल्याला त्याचा जन्म माहीत नाही, पण आपण आलो त्या दिवसापासूनचा तो आपल्याला माहीत आहे, आणि त्यातलं बरंच असं आहे की जे आपल्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. तेच लिहायचं. आपण किती केलं ते बाजूला ठेवून, आपल्याला तो कसा दिसला ते.

त्याच्या मुंजीचं सांगते. मातृभोजनाला त्याच्याबरोबर एका ताटात कुणी जेवायचं, यावर घरात आधी बरीच कुजबुज झाली होती. आत्याचं नाव निघालं, काकूचं निघालं, शेवटी मी बसले. भोवती अष्टवर्गाची पोरं बसलेली, तुपाचा वास, फोटोग्राफरची घाई. त्यानं माझ्या हातचा वरणभात मुकाट खाल्ला. बुंदीचा लाडू भरवला तर अर्धाच खाल्ला आणि उरलेला अर्धा मुठीत धरून ठेवला. मला वाटलं नको असेल. जेवण झाल्यावर उठला, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या आजीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या आईच्या, हातावर तो अर्धा लाडू नेऊन ठेवला. काही बोलला नाही. आजीनं तो तिथल्या तिथे खाल्ला. मग तो परत येऊन माझ्या शेजारी बसला, गुरुजींनी पुढचं सांगेपर्यंत.

हे मी आजवर त्याच्याशी कधी बोलले नाही. पत्रात लिहिलंय. 'तू आजीला लाडू नेऊन दिलास ते मी पाहिलं होतं, आणि तेव्हाच मला वाटलं, हे मूल कुणालाही उपाशी ठेवणार नाही.' एवढंच. खाली त्याचा अर्थ समजावून सांगायला गेले होते, ती चार वाक्यं काढून टाकली. त्याला कळतं.

तुमच्याकडेही असं काहीतरी असणार. दहावीची गुणपत्रिका हातात आल्यावर आधी टक्के बघण्याऐवजी आईच्या नावाच्या रकान्यावर थांबलेलं त्याचं बोट. धाकट्या बहिणीला सायकल शिकवताना मागून सीट धरून पळणारा तो, आणि बाबांचा आवाज चढला की तिला घेऊन गच्चीवर जाणारा तो. सुचत नसेल तर जुने अल्बम काढू नका, अल्बममध्ये सगळे हसतच असतात. स्वयंपाक करता करता नुसतं आठवत राहा. आठवलं की मोबाईलवर स्वतःच्याच आवाजात बोलून ठेवा, आणि रात्री त्यावरून लिहा. बोलताना आपण खरं बोलतो, पेन हातात आलं की भाषण सुरू होतं.

सुरुवातीचे दिवस गाळू नका, हेही सांगावंसं वाटतं. आपल्याला भीती वाटते, मंगल प्रसंगी जुनं कशाला उकरायचं? पण ते दिवस त्याच्याही लक्षात आहेत. पहिल्या वर्षी तो माझ्या हातची आमटी वाढून घ्यायचा नाही, वरण आणि तूप एवढ्यावर जेवायचा. त्याच्या आईची आमटी चिंचगुळाची, माझी माहेरच्या वळणाची, आमसुलाची. तक्रार अशी कधी केली नाही त्यानं. मला हे कळायलाच कितीतरी दिवस गेले. मग एकदा आजीला फोन करून तिची आमटी विचारून घेतली. आता घरात दोन्ही होतात. पत्रात हे सरळ लिहायचं, रुसवा न ठेवता. 'आपल्याला एकमेकांची सवय व्हायला वेळ लागला' हे वाक्य वाचून कुठलाही शहाणा मुलगा दुखावला जाणार नाही. उलट पुढचं सगळं त्याला खरं वाटेल.

आता जरा अवघड गोष्ट. आपल्यातल्या कितीतरी जणींनी स्वतःचं मूल होऊ दिलेलं नाही, याला परकं वाटू नये म्हणून. कुणी बढती नाकारली, कुणी माहेरच्यांशी वाकडं घेतलं. हे लहान नाही. ते कुणाला तरी कळावं असं वाटणं यात काहीच गैर नाही, आणि पत्र लिहायला बसलं की तेच आधी वर येतं. पण बोहल्यावर चढायच्या आदल्या दिवशी ते वाचलं तर त्याच्यासाठी ते कर्ज होतं, तेही कधी न फिटणारं. म्हणून ते वेगळ्या कागदावर लिहा. बहिणीजवळ बोला, मैत्रिणीजवळ रडा, नवऱ्याला तर जरूर ऐकवा, त्यानं ऐकायलाच हवं. लेकाच्या पत्रात त्यातली एकही ओळ नको.

दुसरं म्हणजे यशोदा. आपल्याकडे सावत्र आईला दोनच नावं मिळतात, एक कैकेयी आणि दुसरं यशोदा. लहानपणी ध्रुवबाळाच्या गोष्टीत सुरुची त्याला राजाच्या मांडीवरून उठवते, तेव्हापासून आपण धसका घेतलेला असतो की आपल्याला कुणी तसं म्हणू नये. म्हणून कुणी यशोदा म्हटलं की जीव सुखावतो. लोकांनी म्हणावं. आपण स्वतः पत्रात लिहू नये, कारण त्यात देवकी कुठे आहे हे त्याला आपोआप आठवणार. त्यापेक्षा त्याच्या आईचा उल्लेख नावानिशी, साधेपणानं करावा. तिला आपण पाहिलेलं नसेल तर आजोळी विचारावं. मामा असतो, मावशी असते. मंगलाष्टकांच्या वेळी त्याच्या पाठीशी मामा उभा राहील तो तिचाच भाऊ. 'तुझं हसणं तुझ्या आईसारखं आहे, असं मामा म्हणतो' ही ओळ आपल्या हातानं लिहिलेली असणं, याचं मोल त्याला आयुष्यभर पुरेल.

आई हयात असेल, आई-बाबांचा घटस्फोट झालेला असेल, तर हे आणखी नाजूक होतं. मी ज्या सावत्र वडिलांशी बोलले त्यांना मुलगा काका म्हणतो. बारा वर्षांचा होता तेव्हापासून फी, क्लास, दवाखाना सगळं यांनी पाहिलं. लग्नात त्याचे वडील येणार आहेत, आणि विधींना पाटावर त्याच्या आईशेजारी कोण बसणार हा प्रश्न आहे. असे प्रश्न पत्रात सोडवू नयेत. ते चहा पिता पिता, समोरासमोर आणि वेळेवर सोडवावेत, पत्रिका छापायला जायच्या आधी. काकांनी पत्रात काय लिहावं, यावर आम्ही खूप बोललो. 'मला वाईट वाटणार नाही' असं ते लिहिणार होते. पण वाटणार तर आहेच, आणि मुलालाही ते कळणार. शेवटी त्यांनी लिहिलं, 'त्या दिवशी तू बाबांना वाकून नमस्कार करशील, त्यांच्यासोबत फोटो काढशील, तेव्हा माझ्याकडे बघत राहू नकोस. माझं मी बघेन. तू मोकळ्या मनानं कर.' मला हे फार आवडलं.

पैशाअडक्याचंही पत्रात नको. 'हे घर तुझंच आहे' असं आपण भावनेच्या भरात लिहून जातो. पण त्याला ते मिळावं अशी खरंच इच्छा असेल तर मृत्युपत्र करा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाईनं मृत्युपत्र केलं नसेल, तर तिच्या मालमत्तेवर 'मुलगा' म्हणून पहिला हक्क सावत्र मुलाला मिळत नाही, तो नवऱ्याचा वारस म्हणून मागाहून येतो. सर्वोच्च न्यायालयानं 1987 साली हे स्पष्ट केलंय. गंमत म्हणजे आई-वडिलांच्या देखभालीचा 2007 चा कायदा पालकांमध्ये सावत्र आई-वडिलांनाही धरतो. म्हणजे त्यानं आपल्याला सांभाळायचं हे कायद्यात आहे, आपण त्याला द्यायचं ते आपल्यालाच लिहून ठेवावं लागतं. वकिलाकडे एक चक्कर मारा. आणि त्याच्या आईचे दागिने तुमच्या लॉकरमध्ये असतील तर ते लग्नाआधीच, आजीच्या किंवा मामाच्या समोर, एकेक दाखवून त्याच्या हाती द्या.

इतकं सगळं वाचून कुणाला वाटेल, आपण असं पत्र लिहावं का, शोभेल का? साने गुरुजींची 'सुंदर पत्रे' पुतणीला लिहिलेली आहेत. जीव लावलेल्या माणसाला लिहायला नात्याचा पुरावा कुणी मागत नाही.

पत्र हातानं लिहा. खाडाखोड झाली तरी चालेल, एक कागद पाठपोट पुरे. सुनेबद्दल काही लिहू नका, एखादं गोड वाक्यही नको, कारण ती ते वाचेल आणि त्यात शोधत बसेल. तिला वेगळी चिठ्ठी लिहावी, सवडीनं. धाकटी भावंडं असतील तर त्यांना सांगून ठेवा की तुमच्याही लग्नात तुम्हाला पत्र मिळणार आहे. खाली सही करताना तो ज्या नावानं हाक मारतो तेच नाव लिहा. मी 'माई' लिहिणार आहे. एरवी कधी 'आई' म्हणत नसेल तर आज आपण होऊन ते लिहून त्याला पेचात टाकू नये.

द्यायचं कधी? लग्नाच्या सकाळी नक्कीच नको. त्या दिवशी त्याला फेटा, गुरुजी आणि फोनवर हॉलचा रस्ता विचारणारे पाहुणे एवढं पुरतं. रिसेप्शनच्या स्टेजवर वाचून दाखवायला कुणी कितीही आग्रह केला तरी नको. चारशे लोकांसमोर त्याला रडायचंय की नाही हे त्यानं ठरवावं. हळदीच्या आधी दोन-तीन दिवस, घरात पाहुणे भरायच्या आत, एखाद्या संध्याकाळी 'हे तुझ्यासाठी, सावकाश वाच' म्हणून हातात द्यावं आणि आपण आपल्या कामाला लागावं.

'वाचलंस का' असं विचारू नका. हे आपल्याला जड जाणार, मला माहीत आहे. काही मुलं येऊन गळ्यात पडतात, काही नुसतं 'माई, वाचलं' म्हणतात, काही विषयच काढत नाहीत. गेलेल्या आईबद्दल मनात किती काय साठलेलं असतं, ते एका रात्रीत हलत नाही. आपण आपल्या बाजूनं सांगून मोकळे झालो. त्याला उत्तर द्यायला आणखी पन्नास वर्षं आहेत, आणि द्यायचं नसेल तर नसो. जेवायला बसेल तेव्हा दोन्ही आमट्या वाढाव्यात.