बुडबुड्यांनी चढणारे पाणी

काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्यांना उन्हाळ्यातील पहाटे पुष्कळदा एक दृश्य दिसते. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडमीट करीत असतात. ते अन्न मागत आहेत, असे नवख्याला वाटते. वास्तविक त्यांचा श्वास कोंडलेला असू शकतो. पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. शिवाय पेटीत वनस्पती असतील, तर रात्री त्याही तो वापरतात. प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून. म्हणून तळाचे पाणी सतत वर आणावे लागते. हे काम करणारे साधन घरी बनवता येते, आणि त्याच्या पाण्यातील भागात फिरणारे असे काहीच नसते.

अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा पाण्याच्या उंचीइतका कापावा. खालच्या टोकाला करवतीने दोन-तीन खाचा पाडाव्यात, म्हणजे पाइप तळाला टेकला तरी पाण्याला आत वाट राहते. खाचांच्या वर सुमारे २ सेंटिमीटरवर, हवेची बारीक नळी घट्ट बसेल एवढे भोक पाडावे. ते खाचांना लागून पडले, तर हवा पाइपमध्ये न चढता बाहेरच निसटते. वरच्या टोकाला एल्बो नुसता दाबून बसवावा. चिकटवण्याचे सोल्युशन माशांच्या पाण्यात न गेलेलेच बरे. एल्बोचे तोंड पृष्ठभागाच्या किंचित वर राहावे. नळीचे दुसरे टोक एअर पंपाला जोडून पंप सुरू केला, की एल्बोतून पाणी उसळत बाहेर पडू लागते.

बुडबुडे पाण्याला खांद्यावर घेऊन वर नेतात, अशी समजूत आढळते. खरे कारण वजनात आहे. पाइपमधील पाण्यात हवा मिसळली, की ते मिश्रण बाहेरच्या पाण्याहून हलके होते. समजा, बाहेर पाणी ४० सेंटिमीटर खोल आहे आणि पाइपमधील मिश्रणात एक पंचमांश हवा आहे. बाहेरच्या पाण्याशी समतोल साधण्यास या मिश्रणाचा स्तंभ ५० सेंटिमीटर उंच हवा. पाइप तेवढा उंच नसतो, म्हणून मिश्रण तोंडातून सांडते व खालून नवे पाणी आत येते. हा झाला कागदावरचा हिशेब. बुडबुडे पाण्याहून वेगाने निसटत असल्याने व घर्षणामुळे प्रत्यक्षात इतकी उंची मिळत नाही. एल्बो पृष्ठभागापासून जितका वर न्यावा, तितकी धार रोडावते. हवा वाढवत नेल्यानेही पाणी वाढतच राहते असे नाही. एका मर्यादेनंतर पाइपमधील जागा हवाच अडवून बसते.

नव्या कूपनलिकेतील गढूळ पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने उपसतात, तेही याच तत्त्वावर.

एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. तो खाली असेल आणि वीज गेली, तर पाणी नळीवाटे उलट वाहून विजेच्या पंपात शिरू शकते. वायरलाही प्लगपूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे थेंब तेथेच गळून पडतात. वीज फार वेळ नसेल, तर तांब्याने पाणी उचलून थोड्या उंचीवरून पुन्हा पेटीत सोडत राहावे; तेवढ्यानेही पृष्ठभाग हलता राहतो.

पाठगत प्रश्न
१. पाइप व एल्बो तसेच ठेवून पेटीतील पाणी निम्मे केले, तर धारेचे काय होईल? कारण लिहा.
२. हवेचे भोक खाचांच्या वर का पाडावे?