लाईन आली का?

प्रश्न : आमचं गाव बदनापूर तालुक्यात आहे. वडील उठल्या उठल्या विचारतात, "लाईन आली का?" मोठा भाऊ बियाणे कंपनीत आहे, त्याच्या तोंडी दिवसभर "ही लाईन चांगली, ती लाईन कमजोर" असं चालू असतं. चुलते गवंडीकाम करतात, त्यांची लाईन आणखी निराळी. आणि आई म्हणते, "धाकटा एकदाचा लाईनीला लागला की मी सुटले." एकाच इंग्रजी शब्दाला इतके अर्थ कुठून आले? मराठीत लिहिताना हा शब्द वापरावा की टाळावा?
— एक वाचक, जि. जालना

उत्तर : तुमच्या घरातल्या चौघांपैकी या शब्दाच्या मुळाच्या सगळ्यांत जवळ आहेत ते तुमचे चुलते. पायाची आखणी करताना दोन खुंट्या ठोकून ते मध्ये जी दोरी ताणतात, तिला गवंडी 'लाईनदोरी' म्हणतात. इंग्रजी 'लाईन' ही मुळात दोरीच आहे. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस. जवसाच्या खोडातून निघणाऱ्या वाखाचा धागा तो 'लिनेआ', आणि त्यापासून पुढे 'लाईन'. आपल्याकडे रब्बीत हरभऱ्याच्या कडेला निळ्या फुलांचं जवस पेरायची जुनी रीत आहे, आणि त्याची चटणी भाकरीबरोबर आजही घरोघर असते. आपण ते तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतो. युरोपात त्याच जातीची उंच, कमी फांद्यांची वाणं धाग्यासाठी लावत. त्या धाग्याचं कापड ते लिनन. ब्लाऊजला शिंपी जे 'लायनिंग' लावतो तेही याच घरातलं, कारण जाड कपड्याला आतून अस्तर असायचं ते लिननचं.

धागा ताणला की सरळ रेघ मिळते. रेघेवर माणसं उभी केली की रांग होते, अक्षरं मांडली की ओळ होते, घरं बांधली की वस्ती होते. एकोणिसाव्या शतकात जालन्याला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. अशा छावण्यांत शिपायांच्या झोपड्या आणि बराकी ओळीने असत, म्हणून त्या वस्तीचंच नाव 'लाईन' पडलं. आजची 'पोलीस लाईन' आणि मुंबईतलं 'मरीन लाईन्स' ही नावं याच वापरातून आलेली आहेत.

रेल्वेची लाईन जालन्यात आली १९०० च्या सुमारास. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा हा मीटरगेज मार्ग निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने बांधला. रूळ, स्टेशन, गाड्या, या सगळ्यांना मिळून लोकांनी एकच शब्द घेतला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना ते जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली, तेव्हा भोकरदनकडच्या माणसांनी 'लाईन मंजूर झाली' एवढंच म्हटलं, आणि कोणती लाईन हे कोणाला विचारावं लागलं नाही.

तुमच्या भावाची लाईन मात्र जालन्याची खास आहे, तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. धागा जसा तुटत नाही तोवर एकच असतो, तसा आजा-बाप-लेक हा वंशही एकच धागा, या कल्पनेतून इंग्रजीत 'लाईन'ला वंशाचा अर्थ आला आणि पीकपैदासकारांनी तो उचलला. पिढ्यान् पिढ्या निवड करून गुणधर्म पक्के केलेलं वाण म्हणजे एक लाईन. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, पुढे आणखी कंपन्या उभ्या राहिल्या, आणि हा प्रयोगशाळेतला शब्द सीड प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर आला. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो याच बियाण्याच्या कामासाठी.

संकरित बाजरी किंवा ज्वारीचं बियाणं करायला तीन लाईनी लागतात. 'ए' लाईन मादीची : तिला कणीस येतं, पण तिच्या परागात जीव नसतो. तिचा वंश चालू ठेवायला 'बी' लाईन लागते. आणि 'आर' लाईन नराची : तिच्या परागामुळे तयार होणाऱ्या संकरित बियाण्याला पुढच्या हंगामात शेतकऱ्याच्या शेतात दाणे भरतात. प्लॉटमध्ये साधारणपणे मादीच्या चार ओळी, नराच्या दोन, पुन्हा चार, पुन्हा दोन अशी लावणी असते. भेसळीचं झाड दिसलं की फुलोऱ्याआधी उपटायचं, काढणीला नर आणि मादी वेगवेगळे ठेवायचे. म्हणजे तुमचा भाऊ जेव्हा "ही लाईन चांगली" म्हणतो, तेव्हा तो शेतातल्या ओळीबद्दल बोलत नसतो, त्या ओळीत उभ्या असलेल्या वंशाबद्दल बोलत असतो. हा फरक प्लॉट करणाऱ्याला नीट कळतो, म्हणून त्यांच्या बोलण्यात लाईन आणि ओळ हे दोन्ही शब्द सुखाने नांदतात.

वडिलांची लाईन विजेची. पूर्वी तारेवरून संदेश गेला, मग आवाज गेला, मग वीज. त्या तारेला इंग्रजीत लाईन म्हणत. मराठवाड्यात आपण तारेचं नाव तारेतून येणाऱ्या विजेला दिलं. 'लाईट' म्हटलं तर घरातला दिवा डोळ्यांसमोर येतो, 'लाईन' म्हटलं की मोटार. शेतीचा थ्री फेज पुरवठा काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असा पाळीने येतो. त्यामुळे 'या आठवड्यात रात्रीची लाईन आहे' या चार-पाच शब्दांत थंडीतलं जागरण, बॅटरी आणि सापाची भीती हे सगळं येतं. शहरात बसून हा शब्द अशुद्ध ठरवणाऱ्याने एकदा रात्रीच्या लाईनीवर दारं धरून पाहावीत.

त्याच शेतात पाण्याची लाईन वेगळी. अंबड, घनसावंगीकडे मोसंबीच्या बागा जगवायला शेतकऱ्यांनी लांबून लांबून पाइपलाइनी आणल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात त्या लाईनी होत्या, पण पाणीच नव्हतं, आणि कित्येक बागा वाळून तोडाव्या लागल्या. जालन्याच्या मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं, ते असे दुष्काळ सोसलेल्या बागांना मिळालं.

फोनची 'लाईन लागत नाही', महाविद्यालयात 'मेडिकल लाईन', कट्ट्यावरचं 'लाईन मारणं', सेतू केंद्रावरचं 'ऑनलाईन केलं का' ही पुढची पिलावळ, ती सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या आईंचं वाक्य मात्र मोलाचं. 'लाईनीला लागणे' हा वाक्प्रचार इंग्रजीतून आलेला नाही, तो आपणच घडवला. आणि तो इतका सहज घडला याचं कारण मला आपल्या 'सूत' या शब्दात दिसतं. सुतार या शब्दातही सूत्रच आहे. आखणीच्या सुतावरून आपण 'सुतासारखा सरळ' म्हणू लागलो, कातण्याच्या सुतावरून 'सूत जुळलं', आणि कारभाराची 'सूत्रं' हाती घेतली. धाग्यापासून सरळपणाकडे, सरळपणापासून शिस्तीकडे आणि नात्याकडे जाणारी वाट मराठीने आधीच चाललेली होती. 'लाईन' आली ती त्याच वाटेने चालू लागली. तिला स्त्रीलिंगही मिळालं, बहुधा ओळ, रांग, रेघ या बहिणींमुळे.

आता वापरावा की टाळावा. विजेची, बियाण्याची, रेल्वेची लाईन खुशाल लिहा. तिथे दुसरा शब्द शोधून आणला तर वाचणारा अडखळेल. पण रांग, ओळ, रेघ, तास, पात हे शब्द लाईनीपायी सोडू नका. खुरपणाऱ्या बाईची पात वेगळी आणि पेरणीचा तास वेगळा. दोन्हींना लाईन म्हटलं की शेतातली माहिती कमी होते. लेखनात 'लाईन' दीर्घ ठेवला तर 'गरीब'चं जसं 'गरिबाला' होतं, तसं 'लाइनीत' ऱ्हस्व होतं असा नेम पाळणारे पाळतात. बोली उतरवताना मी 'लाईनीला' असंच ठेवतो.

एका ठिकाणी मात्र हा शब्द कटाक्षाने टाळा, लिहिण्यातही आणि बोलण्यातही. वादळानंतर शेतातून कोणी ओरडून सांगितलं, "लाईन तुटली," तर ऐकणारा ठिबकची लाईन समजून ओल्या रानात पाय टाकू शकतो. तिथे 'विजेची तार तुटली' असंच म्हणावं, कोणाला जवळ जाऊ देऊ नये, आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर लगेच कळवावं.