गळ बदलताना

मोठे मासे लहान माशांच्या थव्यातून नेमका जखमी, वेडावाकडा डुलणारा मासा हेरतात, हे फिनलंडमधील लाउरी रापाला या मच्छीमाराच्या ध्यानात आले होते. १९३६ साली त्याने बुचाचा एक मासा कोरला, चॉकलेटच्या चांदीने तो मढवला आणि फोटोच्या फिल्म वितळवून त्यावर लेप दिला. पाण्यातून ओढले की हे बनावट आमिष जखमी माशासारखे डुले.

अशा आमिषाला टांगलेले गळ बोथट झाले किंवा गंजले की बदलावे लागतात. काम साधे दिसते. पण विद्यार्थी मित्रांनो, त्यात विज्ञानाचे तीन धडे आहेत.

वजनाचा हिशेब

समजा, एका आमिषाचे गळांसह वजन ११ ग्रॅम व आकारमान १२ घन सेंटिमीटर आहे. पूर्ण बुडाल्यास ते १२ ग्रॅम पाणी बाजूला सारील. म्हणून आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ते तरंगते. आता मजबुतीच्या हौसेने आपण त्याचे दोन्ही गळ काढून प्रत्येकी १ ग्रॅम अधिक वजनाचे गळ लावले. वजन झाले १३ ग्रॅम. पोलाद पाण्याच्या सुमारे ७.८ पट जड असल्याने आकारमान मात्र जेमतेम पाव घन सेंटिमीटरने वाढले. आमिष बुडणार! एकच गळ बदलला, तर ते कसेबसे तरंगेल, पण एका टोकाला कलेल आणि त्याचे डुलणे बिघडेल. म्हणून नवा गळ जुन्याच्याच वजनाचा घ्यावा. नुसत्या क्रमांकावर विसंबू नये. एकाच क्रमांकाच्या गळांची तारही कमीअधिक जाड असते.

टोकाची धार

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. टोकाचे क्षेत्रफळ ०.०१ चौरस मिलिमीटर असताना २ न्यूटन बलाने दर चौरस मिलिमीटरला २०० न्यूटन दाब पडतो. टोक झिजून क्षेत्रफळ ०.२५ झाले, की तेच बल केवळ ८ न्यूटन दाब देते. दाब पंचवीस पटींनी घटला! बारीक कानशीने टोकाला पुन्हा धार देता येते. मात्र त्याबरोबर गळावरचा कथिलाचा किंवा निकेलचा मुलामा खरवडला जातो आणि उघडे पोलाद गंजाच्या तावडीत सापडते. म्हणून धार दिल्यावर तेलाचे बोट फिरवावे.

गंजाशी झुंज

गंजण्यासाठी लोखंडाला पाणी व ऑक्सिजन दोन्ही लागतात. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते व ही विद्युत्-रासायनिक क्रिया वेगाने होते. शिवाय गळावर सुकलेले समुद्राचे मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. म्हणून समुद्रात वापरलेला गळ गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, पूर्ण कोरडा करूनच डबीत ठेवावा.

मग सगळे गळ स्टेनलेस स्टीलचेच का नकोत? त्यातील क्रोमियममुळे गंज सहसा चढत नाही, हे खरे. पण दोरी तुटून असा गळ माशाच्या तोंडात राहिला, तर तो फार काळ तसाच रुतून राहतो. साधा पोलादी गळ निदान हळूहळू झिजत जातो.

करून पहा

मुलामा नसलेले तीन लोखंडी खिळे घ्या. एक साध्या पाण्यात अर्धा बुडवा, दुसरा मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवा, तिसरा तेल लावून कोरड्या बाटलीत ठेवा. आठवडाभर रोज निरीक्षणे लिहा. कोणता खिळा आधी गंजतो, आणि गंज नेमका कोठे दिसू लागतो?